रबराला चकाकी आली की…

भांडी चकाकली की आपल्याला बरे वाटते. टेबल टेनिसच्या बॅटचे मात्र उलटे आहे. तिच्या रबराला मधोमध चकाकी आली, की ते संपत आले असे खुशाल समजावे. गेली वीस-बावीस वर्षे मी आमच्या क्लबात मुलांच्या बॅटला हौसेने रबरे चिकटवून देतो. या काळात पालकांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य एकच, "अहो, पण फाटलंय कुठे?"

फाटत नाही, हीच तर अडचण आहे! बूट झिजला की तळ उघडा पडतो, टायर झिजला की नक्षी जाते. रबर संपल्याचे आधी चेंडूला कळते, आपल्याला फार उशिरा.

आपण ज्याला सरसकट रबर म्हणतो ते दोन थरांचे असते. वर रबराचे पातळ पान आणि खाली स्पंज. दोन्ही मिळून, मधल्या डिंकासकट, चार मिलिमीटरहून जाड असू नयेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. या स्पंजाशी मुंबईचे जुने नाते आहे. १९५२ साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, तेव्हा जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचे विजेतेपद घेऊन गेला. त्याच्या बॅटवर चेंडू लागल्याचा नेहमीचा टक्-टक् आवाजच येईना. त्या आवाजावर कान ठेवून खेळणारे भलेभले गोंधळले. जाडीला लगाम लागला तो पुढे १९५९ मध्ये.

वरचे पान चेंडूला क्षणभर धरते आणि फिरकी देते, खालचा स्पंज दबून उसळी देतो. हवेतला प्राणवायू, ऊन, धूळ आणि हाताचा घाम पानाच्या मुळावर येतात. ते हळूहळू कडक आणि गुळगुळीत होते. स्पंजातल्या बारीक पोकळ्या फटके खाऊन थकतात. कपाटात ठेवलेली बॅटही म्हातारी होतेच, फक्त सावकाश.

ओळखायचे कसे? ओल्या फडक्याने रबर पुसा, वाळू द्या. मग मुठीजवळच्या कोपऱ्यावर, जिथे चेंडू क्वचितच लागतो, अंगठा दाबून सरकवा. नंतर तोच अंगठा मधोमध सरकवा. कोपरा अडवतो आणि मध्य सोडून देतो, तर निकाल लागला. काही जण बॅट उलटी धरून चेंडू चिकटतो का ते पाहतात. ही परीक्षा फक्त चिकट जातीच्या रबरांची. बाकीची नवी कोरी असतानाही तिच्यात नापास होतात. पावसाळ्यात तर घाईच करू नये. दमट हवेत चांगल्या रबरावरूनही चेंडू घसरतो.

काळाचे गणित ढोबळच आहे. रोज दोन-तीन तास सराव करणाऱ्याचे रबर काही महिन्यांत जाते, फक्त रविवारी खेळणाऱ्याला वर्षभर किंवा त्याहून अधिक पुरते. रबरे स्वस्त नाहीत आणि मध्यमवर्गीय घरात हा खर्च बोचतो, हे मला मान्य आहे. पण खरा तोटा वेगळ्याच खात्यात जमा होतो. आमच्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी आहे. रबर दोन वर्षांचे. टॉपस्पिन मारला की चेंडू जाळ्यात. मुले कष्टाळू असतात. रबर देत नाही ते हाताने भरून काढतात. ती खांदा उचलून, सगळे अंग झोकून मारू लागली. चेंडू पलीकडे जाऊ लागला, वडील खूश झाले आणि फटका कायमचा वाकडा व्हायच्या बेतात आला.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला दोन महिने होते, म्हणून मी नवे रबर लावायचा आग्रह धरला. अगदी तोंडावर बदलणे म्हणजे नवी चप्पल घालून वारीला निघणे! पहिले चार दिवस तिचा प्रत्येक चेंडू टेबलाबाहेर. ती रडली, वडील माझ्याकडे, पैसे बुडवलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होते. खांदा खाली यायला तीन आठवडे लागले.

जुने रबर मी मुठीकडून सावकाश सोलून काढले होते. घाईने ओढले तर लाकडाचे पापुद्रे निघतात. वडिलांनी ते टाकू दिले नाही. स्वतःच्या बॅटला लावून घेतले. त्यावर समोरच्याची फिरकी फारशी चालतच नाही. आता दर रविवारी तेच मला ऐकवतात, "काय कंट्रोल आहे हो याला!"