गाडीच्या एसीचा फिल्टर घरीच बदलूया



सलग दोन उन्हाळे आम्ही गाडीच्या एसीत गॅस भरून घेतला. पैसे गेले, पण मागच्या सीटवर बसलेल्या मुलीला वारा काही लागेना. तिसऱ्या वर्षी गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचलं, तेव्हा समजलं की डॅशबोर्डच्या कप्प्यामागे एक फिल्टर असतो. काढून बघितला तर धूळ, वाळलेली पानं आणि केसांनी गच्च भरलेला! नवा बसवला आणि वारा पूर्ववत सुरू झाला.

एसी गार कसा करतो?

हातावर सॅनिटायझर घ्या. गार लागतं ना? द्रवाची वाफ होताना तो हाताची उष्णता शोषून घेतो. एसीतही हेच घडतं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, गाडीच्या पुढच्या भागातल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये त्याची पुन्हा वाफ होते. तिथल्या नळ्या थंडगार होतात. वारा आधी फिल्टरमधून आणि मग या नळ्यांवरून आपल्यापर्यंत येतो. फिल्टर तुंबला, की गारवा आतच अडकतो.

आधी दोष ओळखा

वारा कमी, पण जेवढा येतो तेवढा गार असेल, तर आधी फिल्टर बघा. वारा जोरात पण गरम येत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. लक्षात ठेवा, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती आधी शोधायला सांगा.

कृती

१. गाडी बंद करून चावी काढा. कप्पा रिकामा करा. तोंडाला मास्क लावा.
२. कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरवा. पद्धत गाडीप्रमाणे थोडी बदलते, म्हणून पुस्तक बघा. जोर लावू नका, प्लास्टिक तुटतं.
३. फिल्टरचं झाकण काढा. मोबाईलवर फोटो घ्या, म्हणजे बाणाची दिशा लक्षात राहील. मग फिल्टर हळूच ओढा.
४. खाच ओलसर फडक्याने पुसा.
५. त्याच मापाचा नवा फिल्टर, बाण त्याच दिशेला ठेवून बसवा. झाकण आणि कप्पा लावा.

कागदी फिल्टर धुऊन वापरू नका. काही गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच, फक्त जागा असते.

इथे मात्र थांबा

गॅसच्या नळ्या किंवा कॉम्प्रेसर घरी अजिबात उघडू नका. अनेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. दाबाखालून सुटून हातावर किंवा डोळ्यांत गेला, तर गंभीर इजा होते. हवेत सुटला तर पृथ्वीही तापते. ते काम गॅरेजचंच.

वर्गात काय करता येईल?

जुना फिल्टर पारदर्शक पिशवीत बंद करून मी वर्गात नेला. पिशवी हातोहात फिरली. एका मुलाने विचारलं, “बाई, मग आपल्या नाकात पण असा फिल्टर असतो का?”

त्या दिवशीचा श्वसनाचा पाठ तिथूनच सुरू झाला. तुम्हीही करून बघा, आणि मुलांना सोबत घेऊनच करा.