साखरेचा ताळेबंद (लेखांक ९) : खाली घसरलेली साखर

सकाळी सातला चहा आणि दोन खारी, मग धावतपळत लोकल, मग ऑफिस. साडेअकराच्या सुमाराला हात कापायला लागतात, पोटात खड्डा पडतो, समोरचा माणूस काय बोलतोय त्यावर चिडचिड होते. शेजारची मैत्रीण पर्समधलं चॉकलेट काढून देते आणि निदानही करून टाकते : "शुगर लो झाली असणार."

दुसऱ्या एका घरात आजोबांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि आज संकष्टी म्हणून नाश्ता टाळून ते देवळात गेले. परत येताना पायरीवरच बसले. अंगाला दरदरून घाम, बोलणं असंबद्ध. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

दोन्हींना आपण एकच नाव देतो. पण पहिलीची साखर बहुधा घसरलेली नसते आणि आजोबांची जिवावर बेतू शकते. आहाराने साखर सांभाळण्याचे सल्ले दोघांनाही सरसकट वाटले जातात, आणि घोळ तिथेच होतो.

हा घोळ जुना आहे. 1938 साली अ‍ॅलन व्हिपल या अमेरिकी शल्यविशारदाने त्यावर एक साधी कसोटी घालून दिली. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी गाठ असलेल्या रुग्णांवर तो शस्त्रक्रिया करत असे, आणि पोट उघडण्याआधी कोणाचं उघडायचं हे त्याला पक्कं ठरवायला हवं होतं. त्याच्या अटी तीन. लक्षणं हवीत. त्याच वेळी रक्त तपासून साखर खरोखर कमी दिसायला हवी. आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही जुळल्या तरच 'साखर कमी झाली' म्हणायचं. आजही डॉक्टर हीच कसोटी लावतात. चॉकलेट खाल्ल्यावर बरं वाटलं ही तिसरी अट झाली. मधली राहूनच गेली.

मधली अट का हवी, तर लक्षणं फसवी असतात म्हणून. मोठ्या माणसाच्या संपूर्ण रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज वापरतो. हा चमचा कधी रिकामा होत नाही कारण यकृत त्यात सतत भर घालत असतं : आधी साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, आणि रात्रभराच्या उपवासात तो साठा उतरत गेला की प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवं ग्लुकोज बनवून. स्नायूंमधला साठा यकृताहून मोठा, पण तो रक्ताला उसना मिळत नाही; स्नायू तो स्वतःच वापरतात. साखर 80 (मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आसपास उतरली की शरीर इन्सुलिन आवरतं घेतं. 70 च्या खाली जाऊ लागली की ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रेनलिन सोडतं. थरथर, घाम, धडधड, भूक हा बराचसा या धोक्याच्या घंटेचा आवाज. आणि अ‍ॅड्रेनलिन काही फक्त साखरेसाठी राखीव नाही. रात्रीचं जागरण, उपाशीपोटी घेतलेली कडक कॉफी, साहेबाचा फोन, यांनीही अगदी हीच लक्षणं येतात.

इन्सुलिन नुकतंच वापरात आलं होतं तेव्हा, 1924 मध्ये, अलाबामातल्या सील हॅरिस या डॉक्टरांनी मांडलं की मधुमेह नसलेल्यांतही इन्सुलिन जास्त होऊन साखर घसरू शकते. मुद्दा खरा होता. पण पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेत थकवा, उदासी, चिडचिड अशा कशाचंही खापर 'लो शुगर'वर फोडण्याची लाट आली. शेवटी 1973 मध्ये तिथल्या मधुमेह संघटनेसह तीन वैद्यकीय संस्थांना संयुक्त निवेदन काढून सांगावं लागलं की बहुतेकांना हा विकार नाहीच. आपल्याकडे ती लाट आता मोबाइलवरून आली आहे, एवढंच.

मोजतानाही सावध राहायला हवं. घरच्या ग्लुकोमीटरचा आकडा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. लॅबमध्ये रक्त फ्लोराइड नसलेल्या नळीत बराच वेळ पडून राहिलं तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि अहवालात 60 छापून येतं. तुम्ही त्या वेळी ठणठणीत होता, तर त्या 60 ला घाबरण्याआधी तपासणी पुन्हा करा. मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांसाठी 70 ही सावध होण्याची रेषा आणि 54 ही गंभीर. औषध न घेणाऱ्यांच्या बाबतीत 55 च्या खालचा आकडा आणि सोबत लक्षणं असतील तरच पुढचा तपास केला जातो.

आधी औषध न घेणाऱ्यांचं बघू. जेवणानंतर दोन ते चार तासांनी साखर खरोखर उतरते असे लोक आहेत. लठ्ठपणासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे विशेष दिसतं, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या काहींतही : त्यांचं इन्सुलिन उशिरा जागं होतं आणि मग गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतं. इथे मात्र आहार हाच मुख्य उपचार आहे. खारी आणि गोड चहा म्हणजे मैदा, तूप किंवा डालडा आणि साखर. प्रथिनं जवळजवळ नाहीत. त्याऐवजी मटकीची उसळ, पिठलं-भाकरी, थालीपीठ-दही, अंडी, किंवा पोह्यांत मूठभर दाणे आणि वर मोड आलेले मूग, असं काही पोटात गेलं तर साखर सावकाश चढते आणि सावकाश उतरते. मधल्या वेळेसाठी खिशात फुटाणे-दाणे असावेत. ताक चांगलं. फळांचा रस नको, फळ चालेल. जेवताना आधी कोशिंबीर, उसळ, आमटी आणि शेवटी भात, असा क्रम लावला तरी जेवणानंतरची उसळी कमी होते. आपल्या पंगतीत आधी वरणभात वाढतात; रोजच्या जेवणात ती शिस्त मोडायला हरकत नाही.

आणि हो, ज्यांची साखर अशी घसरते त्यांनी हात कापले की दर वेळी चॉकलेट खाणं म्हणजे दोन तासांनंतरच्या घसरणीची सोय करणं. तुमचा आकडा ठीक असेल, तर भूक लागली होती एवढंच खरं. जेवा.

माझ्या मते पदार्थांच्या याद्यांपेक्षा दोन खाण्यांमधलं अंतर आणि औषधाची वेळ यांवर जास्त बोलायला हवं. अंतराची किंमत किती असू शकते, याचं आपल्या देशातलं सर्वांत दुःखद उदाहरण मुजफ्फरपूरचं. बिहारच्या या लिची-पट्ट्यात दर उन्हाळ्यात पहाटे मुलांना झटके येत, शुद्ध हरपत असे. मेंदूज्वर म्हणून विषाणू शोधले गेले, सापडले नाहीत. 2014 च्या हंगामात तिथल्या दोन रुग्णालयांत 390 मुलं दाखल झाली, 122 दगावली. अनेकांच्या रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली होती. लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, हायपोग्लायसिन नावाचं द्रव्य असतं. ते चरबीपासून ऊर्जा काढण्याची आणि नवं ग्लुकोज बनवण्याची वाट अडवतं. पोटभर जेवलेल्या मुलाला त्याने सहसा काही होत नाही. दिवसभर बागेत लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या कुपोषित मुलाच्या यकृतात साठा नसतो, आणि नवं बनवण्याची वाटही बंद. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिचीसोबत चुकलेलं रात्रीचं जेवणही ठळकपणे पुढे आलं. सल्ला काय दिला गेला, तर मुलांना रात्री जेवू घाला, लिची कमी खाऊ द्या आणि आजारी मूल दिसताच साखर तपासून ग्लुकोज द्या. 2019 मध्ये पुन्हा शंभरावर मुलं गेली, आणि कारणांचा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण न जेवता झोपलेलं मूल या कथेतून कोणालाच वगळता आलेलं नाही.

दारूही यकृताची हीच नवं ग्लुकोज बनवण्याची वाट अडवते. म्हणून रिकाम्या पोटी प्यायलेल्या माणसाची साखर मध्यरात्री किंवा सकाळी घसरते आणि आजूबाजूचे म्हणतात, उतरली नाही अजून.

आता आजोबा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या स्वस्त आणि प्रभावी आहेत, म्हणून आपल्याकडे खूप चालतात. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. इन्सुलिनचं इंजेक्शनही तसंच. एकटं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी. म्हणून आपल्या पाकिटावरचं नाव वाचून ठेवा आणि उपवास असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा : उद्या गोळी किती, कधी? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हा प्रकारही बरा नव्हे. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे आधी दरी आणि मग डोंगर. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. राजगिरा, दाण्याची आमटी, दही, ताक यांच्यावर उपवास जास्त सुरक्षित निभतो. पण ठरलेली वेळ चुकवून नाही. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चाललात, शेतात किंवा लग्नघरात राबलात, तर त्याचा परिणाम रात्री झोपेतही दिसू शकतो. अशा दिवशी झोपण्याआधी साखर मोजा.

खरंच घसरली तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे, पाण्यात विरघळवून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर पोळी किंवा भाकरी खा. पेढा, लाडू, चॉकलेट यांतलं तूप आणि स्निग्धांश साखरेला उशीर करतात. एक गोष्ट डॉक्टरांकडून अनेकदा सांगायची राहते : तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर लवकर कामी येत नाही, कारण ती फोडणारं विकरच या औषधाने रोखलेलं असतं. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही. त्यांच्यासाठी घाम हीच खूण.

'नैसर्गिक' या शब्दावर विसंबणाऱ्यांसाठी सिंगापूरची गोष्ट. 2008 मध्ये तिथे मधुमेह नसलेले दीडशे लोक साखर घसरून रुग्णालयात आले, चार दगावले. त्यांतल्या अनेकांनी पौरुषवर्धक म्हणून बेकायदा विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि 'वनौषधी' घेतल्या होत्या, आणि त्यांत ग्लायबेनक्लामाइड मिसळलेलं निघालं. कारल्याचा रस किंवा मेथीची पूड गोळीच्या जोडीला सुरू करणार असाल तर तेही डॉक्टरांना सांगा; परिणाम बेरजेने वाढू शकतो.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरेचं पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा. आणि गोळीमुळे साखर घसरलेला माणूस ग्लुकोज दिल्यावर उठून बसला, गप्पा मारू लागला, तरी त्याला दवाखान्यातून लगेच घरी आणण्याची घाई करू नका. या गोळ्यांचा अंमल चोवीस तास, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून जास्त राहतो, आणि साखर पुन्हा घसरते. मूत्रपिंड आणि मधुमेहाची औषधं यांचं हे नातं पुढच्या लेखांकात.