पाणी वाटायला करार झाला, घाणीचं काय?

तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सह्या झाल्या. ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातलं १९.३६ आपल्या वाट्याला. रावेर-यावलच्या केळीवाल्याला याचा आनंद का झाला, हे खान्देशच्या वाचकाला सांगायला नको. फक्त तिसरा वाटेकरी, गुजरात, सह्या करणाऱ्यांत नव्हता. आणि तापी समुद्राला मिळते ते डुमस-हजिऱ्याचं नदीमुख त्याच्याच हद्दीत आहे.

त्या मुखाचं दुखणं जुनं. उकाई धरण १९७२ सालचं, खाली काकरापार, आणि खुद्द सुरतेत १९९५ पासूनचा सिंगणपूरचा बंधारा. पावसाळा सोडला तर त्याखाली गोडं पाणी जेमतेम उतरतं. उरतं ते भरतीचं खारं पाणी, शहराचं सांडपाणी आणि गाळ. ही घाण मुख्यतः सुरतेचीच, हे मान्य; आपली बरीचशी वाटेतल्या धरणांत आणि बंधाऱ्यांतच बसते. पण गोडं पाणी येणार ते वरूनच, आणि तापी खोऱ्याचा सुमारे ७९ टक्के भाग महाराष्ट्रात आहे. पुराचं पाणी समुद्रात वाया जातं म्हणून आपण अडवतो, तेव्हा त्या मुखाची वर्षाची एकुलती आंघोळही थोडी आखडते. पुनर्भरणाला माझा विरोध नाही. हिशेबात ही ओळ दिसावी, इतकंच.

इकडचं चित्रही काही उजळ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी, तितूर, हिवरा, मोर, गोमाई, कान, रंगावली: यादी वाचताना खान्देशचा भूगोलच वाचल्यासारखं होतं. मग हरित लवादाच्या आदेशाने नदी पुनरुज्जीवन समित्या आल्या, पण त्या राज्याराज्यांच्या. मालेगावचं सांडपाणी मोसममार्गे गिरणेत उतरतं आणि खाली जळगाव जिल्हा ते भोगतो. एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांचं जिथे जमत नाही, तिथे तीन राज्यांचं कसं जमणार?

कायद्याची अडचण नाही, हे मात्र ठासून सांगायला हवं, कारण बैठकांमधून तेच कारण पुढे केलं जातं. १९५६ चा नदी मंडळ कायदा आंतरराज्य नद्यांसाठीच झाला. त्याखाली आजवर एकही मंडळ उभं राहिलेलं नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात तर लगतच्या राज्यांना आपसात करार करून प्रदूषण नियंत्रणाचं संयुक्त मंडळ नेमण्याची सोय आहे. तापीसाठी ती कुणी वापरलेली नाही. जळगावात १९९७ पासून तापीच्या नावाचं महामंडळ आहे खरं, पण ते पाटबंधाऱ्यांचं.

ऱ्हाईन नदीवर प्रदूषण रोखणारं असं संयुक्त मंडळ १९५० पासून आहे. १९८६ मध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागून नदी विषारी झाली, तेव्हा कुठे त्याला धार आली; २००० पर्यंत सॅमन मासा परत आणायचा, असं ठरलं. मला त्याहून बोलकी वाटते ती १९७६ ची मिठाची गोष्ट. फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणी नदीत मीठ सोडत होत्या. ते कमी करण्याचा ३४ टक्के खर्च नेदरलँड्सने उचलायचं ठरलं. देश नदीच्या मुखाशी, प्रदूषण त्याचं नव्हेच. तरीही करार लागू व्हायला १९८५ उजाडलं.

सुरतेच्या तापी शुद्धीकरणाला सुमारे ९७१ कोटींची मंजुरी मिळालेली आहे. त्यातला एखादा हिस्सा बुऱ्हाणपूर, मालेगाव किंवा धुळ्याच्या नाल्यांवर खर्च करा, असं कुणी सुचवलं तर सुरतेत हसतील. आणि बदल्यात उन्हाळ्यात नदीमुखासाठी ठरावीक पाणी सोडा म्हटलं, तर जळगाव-धुळ्यात भांडण होईल. होऊ दे. निदान ते बुऱ्हाणपूर ते डुमस अशा एकाच टेबलावर व्हावं, आणि समोर चांगदेव, मुडावद, प्रकाशा नि डुमसला एकाच दिवशी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे आकडे असावेत.