लंडनमधील मर्टन बरो आणि हरित नगरनियोजन : स्थानिक संस्थेच्या अधिकारांचे एक अध्ययन

प्रास्ताविक

हवामान बदलाच्या प्रश्नावर राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय परिषदा यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. त्या तुलनेने नगरपालिकेच्या पातळीवरील प्रयत्नांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. इंग्लंडमध्ये 2019 या वर्षी अनेक स्थानिक कौन्सिलांनी 'हवामान आणीबाणी' जाहीर केली. दक्षिण लंडनमधील मर्टन बरोने त्याच वर्षी जुलै महिन्यात तसा ठराव केला आणि कौन्सिलचा स्वतःचा कारभार 2030 पर्यंत, तर संपूर्ण बरो 2050 पर्यंत कार्बन-तटस्थ करण्याचे उद्दिष्ट ठेवले. असा ठराव करणे तुलनेने सोपे असते. ठराव करणाऱ्या संस्थेच्या हाती तो अमलात आणण्याचे कोणते साधन आहे, हा खरा प्रश्न होय. मर्टनची निवड याच कारणासाठी उद्बोधक ठरते. आणीबाणीच्या ठरावापूर्वी सोळा वर्षे, 2003 मध्ये, याच कौन्सिलने आपल्या विकास आराखड्यात एका वाक्याचा नियम घातला होता व त्याची दखल पुढे ब्रिटिश संसदेला घ्यावी लागली. प्रस्तुत लेखात त्या नियमाची घडण, त्याचे कार्य आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

बरोची रचना व तिचे अधिकार

लंडनची विभागणी 32 बरो आणि प्राचीन 'सिटी ऑफ लंडन' अशी आहे. 1963 च्या कायद्यान्वये निर्माण झालेल्या या बरो 1 एप्रिल 1965 पासून अस्तित्वात आल्या. मर्टन ही विम्बल्डन, मिचम आणि मर्टन व मॉर्डन या तीन जुन्या स्थानिक संस्थांच्या एकत्रीकरणातून बनली. 2021 च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे 2 लाख 15 हजार होती. मराठी वाचक बरोची तुलना सहजच मुंबई महानगरपालिकेच्या प्रभागाशी करील. परंतु ती दिशाभूल करणारी आहे. प्रभाग हा महापालिकेचा प्रशासकीय विभाग असतो. बरो ही मात्र स्वतःची निवडून आलेली कौन्सिल, स्वतःचा कर आणि स्वतःचा विकास आराखडा असलेली स्वतंत्र संस्था आहे.

असे असले तरी तिच्या सत्तेला कुंपणे पुष्कळ आहेत. वीज व वायू यांचे धोरण केंद्र सरकार ठरवते. मुख्य रस्ते, बस आणि भुयारी रेल्वे लंडनच्या महापौरांच्या अखत्यारीत येतात. उत्पन्नाची मुख्य साधने म्हणजे कौन्सिल टॅक्स, व्यावसायिक मालमत्तांवरील कराचा वाटा व केंद्राचे अनुदान. आणि त्यातील फार मोठा भाग वृद्ध, अपंग व निराधार मुले यांच्या देखभालीवर खर्च होतो. 2010 नंतर अनुदानात मोठी कपात झाली. मर्टनच्या शेजारच्या क्रॉयडन बरोला तर नोव्हेंबर 2020 मध्ये आपले अंदाजपत्रक जुळत नसल्याची वैधानिक सूचना काढणे भाग पडले. अशा परिस्थितीत कौन्सिलने स्वतःच्या तिजोरीतून शहर हिरवे करावे, ही अपेक्षा व्यवहारात टिकणारी नाही.

मात्र एक अधिकार कौन्सिलकडे निश्चितपणे आहे, तो म्हणजे विकास परवानगीचा. 1947 च्या नगरनियोजन कायद्याने जमीनमालकाचा बांधकाम करण्याचा हक्क परवानगीच्या अधीन आणला. प्रत्येक अर्जाचा निर्णय मंजूर आराखडा व इतर प्रस्तुत बाबी विचारात घेऊन होतो. आपल्याकडे नियमावलीत बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळणे बहुधा गृहीत असते. तेथे प्रत्येक प्रस्ताव गुणावगुणांवर तपासला जातो. त्यामुळे आराखड्यातील एखाद्या वाक्याला मोठे वजन प्राप्त होते.

मर्टन नियम : स्वरूप व कार्य

ऑक्टोबर 2003 मध्ये मर्टनने आपला आराखडा स्वीकृत केला. त्यातील एका कलमानुसार, 1,000 चौरस मीटरहून अधिक क्षेत्राच्या प्रत्येक नव्या बिगर-निवासी बांधकामाने आपल्या अपेक्षित ऊर्जा-गरजेपैकी किमान 10 टक्के ऊर्जा देणारी नवीकरणीय साधने त्या जागेवरच बसवावीत, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. कलमात अनुदानाची किंवा दंडाची भाषा नव्हती. सौर पॅनेल बसवावेत, पवनचक्की उभारावी की लाकडाच्या तुकड्यांवर चालणारा बॉयलर घ्यावा, याची निवड विकसकावर सोपवली होती. नियमाच्या प्रारंभीच्या अंमलबजावणीत मिचममधील विलो लेन औद्योगिक वसाहतीतील गाळ्यांचा समावेश होतो. तेथे छपरांवर छोट्या पवनचक्क्या व सौर पॅनेल बसवण्यात आले.

या नियमाचे मर्म 'अपेक्षित गरजेपैकी' या शब्दांत आहे, आणि त्याकडे बरेचदा दुर्लक्ष होते. समजा, एखाद्या इमारतीला वर्षाला एक लाख युनिट ऊर्जा लागेल असा अंदाज आहे. नियमाप्रमाणे दहा हजार युनिटांची साधने बसवावी लागतील. परंतु भिंतींचे उष्णतारोधन सुधारून, दुहेरी काचा लावून व दिव्यांची योजना बदलून ही गरज सत्तर हजारांवर आणली, तर साधनेही सात हजार युनिटांचीच पुरतात. त्या काळी सौर पॅनेल फार महाग होते आणि उष्णतारोधन स्वस्त होते. साहजिकच विकसकाचा वास्तुविशारद प्रथम भिंतीकडे वळे व नंतर छपराकडे. वरवर पाहता नवीकरणीय ऊर्जेचा असलेला हा नियम प्रत्यक्षात काटकसरीलाही उत्तेजन देत होता.

दुसरा परिणाम बाजारपेठेवरचा. एका बरोतील मोजक्या इमारतींनी वातावरणातील कार्बन कितीसा कमी होणार? आकड्यांत ती बचत नगण्यच म्हणावी लागेल. परंतु अशी साधने पुरवणाऱ्या व्यावसायिकांना अनुदानावर अवलंबून नसलेली मागणी प्रथमच दिसू लागली. एका कौन्सिलचा नियम दुसऱ्या कौन्सिलला उचलता येतो, हे त्यामागील बळ होते. क्रॉयडनसह इतर अनेक कौन्सिलांनी तो उचललाही.

नियमाचे दोषही लवकरच ध्यानात आले. शहरातील इमारतींमुळे वारा अडखळतो. छपरावरील लहान पवनचक्की तेथे कागदावरील अंदाजाइतकी वीज क्वचितच देते. काही ठिकाणी लाकडाचे बॉयलर परवानगीपुरते बसवले जाऊन पुढे वायूवरच काम भागवले गेले. मूळ कलमात साधने बसवण्याची अट होती, ती किती ऊर्जा देतात हे मोजण्याची नव्हती. परवानगी देणारा अधिकारी नकाशा तपासतो, पाच वर्षांनंतरचे विजेचे बिल तपासत नाही. नियोजनव्यवस्थेचा हा जुनाच दोष असून तो केवळ मर्टनचा नव्हे.

बरोपासून संसदेपर्यंत

फेब्रुवारी 2004 मध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांच्या काळात प्रसिद्ध झालेल्या 'लंडन प्लॅन'मध्ये याच धर्तीची अपेक्षा संपूर्ण महानगरासाठी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जाविषयक मार्गदर्शिकेने कौन्सिलांना असे नियम करण्यास वाव दिला. जून 2006 मध्ये तत्कालीन मंत्री इव्हेट कूपर यांनी सर्व नियोजन प्राधिकरणांनी तसे धोरण ठेवावे, असे निवेदन केले. गृहबांधणी कंपन्यांचा विरोध होता. प्रत्येक कौन्सिलचा नियम वेगळा असल्यास सामग्रीची खरेदी आणि घरांचे नमुने यांत एकसूत्रता राहत नाही, हा त्यांचा आक्षेप पूर्णतः गैरवाजवी म्हणता येणार नाही. 2007 मध्ये सरकार या दबावाखाली माघार घेणार, अशी चर्चा वृत्तपत्रांतून झाली. अखेर खासदार मायकेल फॅलन यांनी मांडलेले खासगी विधेयक नोव्हेंबर 2008 मध्ये 'नियोजन व ऊर्जा कायदा' म्हणून संमत झाले. इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांना नवीकरणीय ऊर्जेचा वाजवी हिस्सा, तसेच राष्ट्रीय इमारत नियमांपेक्षा अधिक ऊर्जाक्षमता मागण्याचा स्पष्ट अधिकार या कायद्याने दिला. विधेयक विरोधी बाकांवरून आले होते, ही बाब लक्षणीय आहे.

पुढील वाटचाल मात्र सरळ नाही. 2015 च्या एका कायद्याने नव्या घरांच्या बाबतीत ऊर्जाक्षमतेसंबंधीचा हा अधिकार काढून घेण्याची तरतूद केली. त्याच वर्षी जुलैमध्ये, 2016 पासून सर्व नवी घरे शून्य-कार्बन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्टही सोडून देण्यात आले. अधिकार काढून घेणारी ती तरतूद प्रत्यक्षात लागूच केली गेली नाही आणि जानेवारी 2021 मध्ये ती लागू न करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. तथापि डिसेंबर 2023 मधील मंत्रिस्तरीय निवेदनाने राष्ट्रीय नियमांपलीकडे जाणाऱ्या स्थानिक अटींवर पुन्हा कडक निर्बंध सुचवले. कायदा तोच, पण त्याचा अर्थ सरकारागणिक बदलत गेला. आज मंजूर केलेला आराखडा दहा-पंधरा वर्षे चालावा, या गृहीतकावर बरोचे सर्व काम चालते. दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या निवेदनांपुढे ते गृहीतक लटके पडते.

शेजारची सटन बरो

मर्टनने परवानगीचा अधिकार वापरला. शेजारच्या सटनने जमिनीचा. सांडपाणी प्रक्रियेसाठी पूर्वी वापरात असलेली आपली जमीन विकताना सटन कौन्सिलने सर्वाधिक किमतीऐवजी प्रकल्पाचे पर्यावरणीय मूल्य विचारात घेतले. तेथे वास्तुविशारद बिल डन्स्टर, बायोरीजनल ही संस्था व पीबॉडी ट्रस्ट यांनी 2002 मध्ये 'बेडझेड' ही सुमारे शंभर घरांची वसाहत पूर्ण केली. छपरांवरील रंगीत वायुवीजन-टोप्यांमुळे तिची छायाचित्रे जगभर गेली. जाड उष्णतारोधन व दक्षिणमुखी काचा यांमुळे तेथील घरांना उष्णतेसाठी फारच कमी ऊर्जा लागते, असे नोंदींवरून दिसून आले. लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे वीज-उष्णता संयंत्र मात्र काही वर्षांतच बंद पडले आणि वायूचे बॉयलर बसवावे लागले. निष्कर्ष मर्टनच्या अनुभवाशी जुळतो : भिंत टिकली, यंत्र टिकले नाही.

याच परिसरात, बेडिंग्टन येथे, कचरा जाळून वीजनिर्मिती करणारा मोठा प्रकल्प उभा राहिला. मर्टन, सटन, क्रॉयडन आणि किंग्स्टन या चार बरोंच्या संयुक्त भागीदारीने त्यासाठी दीर्घ मुदतीचा करार केला. स्थानिकांचा विरोध व न्यायालयीन आव्हान यांनंतरही तो प्रकल्प सुरू झाला. कचरा भूमिभरावात टाकण्यापेक्षा जाळून ऊर्जा मिळवणे बरे, असा कौन्सिलांचा युक्तिवाद. प्लॅस्टिक जाळल्याने निघणारा कार्बन आणि दीर्घ करारामुळे कचरा कमी करण्याच्या प्रेरणेला बसणारी खीळ, हे विरोधकांचे मुद्दे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण हरित बरोच्या आराखड्यात सौर पॅनेलला जितकी पाने मिळतात तितकी या करारासारख्या बाबींना मिळत नाहीत, हे नमूद करणे आवश्यक आहे.

जुन्या घरांचा प्रश्न

मर्टन नियम केवळ नव्या बांधकामास लागू होता. बरोतील बहुतांश घरे मात्र कधीच बांधून झालेली आहेत. लंडन काउंटी कौन्सिलने 1928 ते 1936 या काळात मर्टन व सटनच्या सीमेवर उभारलेली सेंट हेलियर ही विटांच्या घरांची विस्तीर्ण वसाहत त्याचे ठळक उदाहरण होय. अशा घरांत उष्णतारोधन वाढवणे व वायूच्या बॉयलरऐवजी उष्णतापंप बसवणे, हे खर्चिक आणि घरोघरी जाऊन करावयाचे काम आहे. त्यातच मर्टन कौन्सिलने 2010 मध्ये आपली भाड्याची घरे एका गृहनिर्माण संस्थेकडे हस्तांतरित केली. परिणामी जी घरे स्वतःच्या निर्णयाने सुधारता आली असती, तीही आता कौन्सिलच्या थेट ताब्यात नाहीत.

या कोंडीतून एक अरुंद वाट निघाली आहे, ती पुन्हा परवानगीच्या मार्गाने. मार्च 2021 च्या 'लंडन प्लॅन'नुसार मोठ्या प्रकल्पांनी राष्ट्रीय इमारत नियमांच्या तुलनेत किमान 35 टक्के कार्बन जागेवरच वाचवावा, उरलेल्या भागाची रक्कम बरोच्या भरपाई निधीत भरावी आणि इमारत वापरात आल्यानंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष ऊर्जावापराची नोंद सादर करावी, अशी व्यवस्था करण्यात आली. 2003 च्या नियमातील मोजमापाची उणीव येथे काही अंशी भरून निघाली. भरपाईचा शिफारस केलेला दर टनामागे 95 पौंड असून हिशेब तीस वर्षांचा धरला जातो. म्हणजे वर्षाला दहा टन कार्बन शिल्लक राहणाऱ्या इमारतीला 28,500 पौंड भरावे लागतात. ही रक्कम बरोतील इतर ठिकाणी, जुन्या इमारतींच्या सुधारणेसाठीही, वापरता येते. मात्र नवे बांधकाम मंदावले की हा निधीही आटतो, आणि सेंट हेलियरमधील घरांची थंडी बांधकामबाजाराच्या तेजीमंदीनुसार कमी-अधिक होत नाही.