लाकोन मेंढी : दुधाचा वारसा आणि त्याची किंमत

दक्षिण फ्रान्समधील रोकफोर हे चीज केवळ लाकोन जातीच्या मेंढीच्या न तापवलेल्या दुधापासून करता येते. या जातीत 1960च्या दशकापासून पद्धतशीर निवड-पैदास चालू असल्यामुळे एका वेतातील दूध सुमारे 80 लिटरांवरून काही दशकांत 250 लिटरांपलीकडे गेले. मेंढी-मेंढीतील दुधाच्या फरकापैकी साधारण 30 टक्के वाटा जनुकीय असतो, ज्याला आनुवंशिकता-गुणांक म्हणतात, आणि उरलेला चारा, वय व निगराणी यांचा असतो. स्निग्धांश व प्रथिने यांच्या प्रमाणात मात्र हा जनुकीय वाटा बराच अधिक आढळतो. दूध वाढले की ही दोन्ही प्रमाणे घटू लागतात, म्हणून चीजसाठी केवळ लिटर मोजणारी निवड आतबट्ट्याचीच ठरते. नर दूध देत नसल्याने त्याची पारख पूर्वी त्याच्या मादी संततीच्या दुधावरून होई. 2015पासून ती डीएनएमधील खुणा वाचून, म्हणजे जनुकसंचाधारित निवडीने, कोवळ्या वयातच करता येते. त्याच वर्षी एस.ओ.सी.एस.-2 या जनुकातील एका अक्षराचा बदल प्रकाशात आला : तो बाळगणाऱ्या मेंढ्या अंगाने मोठ्या आणि दुधाला सरस असतात, परंतु कासदाहाला, म्हणजेच दगडीला, अधिक सहज बळी पडतात.