आठ कोटी पंचवीस लाखांचे डॉक्टर गाशे

चित्रबाजार : लेखांक सहावा

लिलावात चित्राची किंमत जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. जिंकणाऱ्याची ऐपत कितीही असो, शेवटच्या प्रतिस्पर्ध्याने नकारार्थी मान हलवली की त्याच्या एक पायरी वरच्या आकड्यावर हातोडा पडतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणारा विक्रमी भाव हा दोन माणसांच्या झुंजीचा हिशेब असतो. त्यातला एक जण त्या संध्याकाळी आलाच नसता, तर तेच चित्र कितीतरी स्वस्तात गेले असते. गेल्या आठवड्यात आपण कॅटलॉग आणि त्यातली अंदाजित किंमत पाहिली. या वेळी लिलाव संपल्यावर हाती येणारा निकालाचा कागद वाचायचा आहे. त्यासाठी मे १९९० मधल्या न्यूयॉर्कच्या दोन संध्याकाळींइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

१५ मे १९९०, मंगळवार. ख्रिस्टीज या लिलावगृहाच्या दालनात इम्प्रेशनिस्ट आणि आधुनिक चित्रांचा लिलाव होता आणि व्यासपीठावर ख्रिस्तोफर बर्ज हे लिलावकर्ते होते. सगळ्यांचे लक्ष व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या एका व्यक्तिचित्राकडे होते. जून १८९० मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी, व्हिन्सेंटने ओव्हेर-सुर-ओआझ या गावी आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल गाशे यांना समोर बसवून ते रंगवले होते. हातावर डोके टेकवून बसलेला खिन्न चेहऱ्याचा डॉक्टर, समोर पिवळ्या वेष्टनांची दोन पुस्तके आणि पेल्यात डिजिटॅलिसची डहाळी. हृदयविकारावरचे औषध याच वनस्पतीपासून होते. चित्रकाराच्या मृत्यूला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती.

कॅटलॉगमध्ये अंदाज होता चार ते पाच कोटी डॉलर. बोली दोन कोटींपासून सुरू झाली आणि चढत गेली, शेवटी दोघेच उरले. एक होते दालनात बसलेले तोक्योचे कलाव्यापारी हिदेतो कोबायाशी. दुसरे फोनच्या पलीकडे. साडेसात कोटींवर फोन थांबला आणि बर्ज यांनी हातोडा टाकला.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत आकडा आला तो मात्र आठ कोटी पंचवीस लाख डॉलरचा.

मधले पंचाहत्तर लाख कुठून आले? निकाल वाचण्याची पहिली पायरी इथेच आहे. बोली थांबते त्या आकड्याला हातोड्याचा भाव म्हणतात. त्यावर लिलावगृह खरेदीदाराकडून वेगळे शुल्क घेते, त्याला बायर्स प्रीमियम म्हणतात. लंडनमध्ये ख्रिस्टीज आणि सदबीज या दोन्ही घरांनी १९७५ मध्ये ही प्रथा सुरू केली. १९९० मध्ये हे शुल्क सरळ दहा टक्के होते, म्हणून साडेसात कोटींचे सव्वाआठ कोटी झाले. पुढे दर वाढले आणि टप्प्याटप्प्यांचे झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सदबीजने गुस्ताव्ह क्लिम्टचे एलिझाबेथ लेडेरर हिचे व्यक्तिचित्र विकले तेव्हा हातोडा साडेवीस कोटींवर पडला, पण जाहीर भाव होता २३ कोटी ६४ लाख डॉलर. एका चित्रावर तीन कोटी डॉलरहून अधिक शुल्क! आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. कॅटलॉगमधला अंदाज शुल्काशिवायचा असतो, निकालातला भाव शुल्कासह. या दोन आकड्यांची सरळ तुलना करून ‘अंदाजापेक्षा जास्त’ असे लिहिणे चूक आहे, तरी ते नेहमी लिहिले जाते.

गाशेच्या विक्रीनंतर दोनच दिवसांनी, १७ मे रोजी, सदबीजमध्ये रेन्वारच्या ‘मूलँ द ला गालेत’ या १८७६ च्या चित्राची छोटी आवृत्ती निघाली. माँमार्त्रच्या उघड्या अंगणात नाचणाऱ्या पॅरिसच्या तरुण-तरुणींचे ते चित्र. हातोडा सात कोटी दहा लाखांवर, शुल्कासह सात कोटी ८१ लाख. तोवरची जगातली दोन सर्वांत महाग लिलाव-चित्रे एकाच आठवड्यात विकली गेली आणि दोन्ही एकाच माणसाने घेतली; कोबायाशी त्याच्याच वतीने बोली लावत होते. रयोएई साइतो, जपानच्या दाइशोवा या कागद कंपनीचे मानद अध्यक्ष, वय ७४. तीन दिवसांत १६ कोटी डॉलरहून अधिक.

हा पैसा कुठून आला ते कळल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही. डॉलर उतरवण्यासाठी झालेल्या १९८५ च्या प्लाझा करारापूर्वी एका डॉलरला सुमारे २४० येन मोजावे लागत. १९८८ पर्यंत तो सुमारे १२५ येनवर आला. न्यूयॉर्कमध्ये डॉलरमध्ये विकली जाणारी वस्तू जपानी ग्राहकाला काही न करता निम्म्या किमतीत मिळू लागली. त्यात जपानच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर अडीच टक्क्यांवर उतरलेला. जमिनीचे भाव आणि शेअर आकाशाला भिडलेले, त्यांच्या तारणावर हवे तेवढे कर्ज मिळत होते. मार्च १९८७ मध्ये यासुदा या विमा कंपनीने व्हॅन गॉगची ‘सूर्यफुले’ लंडनमध्ये दोन कोटी ४७ लाख ५० हजार पौंडांना घेतली. त्याआधी लिलावातला उच्चांक मान्तेन्याच्या एका चित्राचा होता, ८१ लाख पौंड. तो एका संध्याकाळी तिपटीने मागे पडला. साइतोंनी खरेदी केली तेव्हा मात्र हवा बदललेली होती. निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ च्या शिखरावर पोहोचून उतरणीला लागला होता. ऑक्टोबर १९९० च्या सुरुवातीला तो जवळजवळ निम्म्यावर आला. नोव्हेंबरच्या न्यूयॉर्क लिलावांत अनेक चित्रांना ग्राहक मिळाला नाही. गाशेचा भाव बाजार चढत असताना नव्हे, तर कोसळायला लागल्यावर मिळाला होता. निकालाच्या कागदावर ते कुठेच दिसत नाही.

जे दिसत नाही त्याचे याहून मोठे उदाहरण तीन वर्षे आधीचे आहे. ‘आयरिसेस’ हे व्हॅन गॉगने मे १८८९ मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना रंगवलेले निळ्या फुलांचे चित्र. जोन व्हिटनी पेसन या अमेरिकन संग्राहक बाईंनी १९४७ मध्ये ते ८४ हजार डॉलरना घेतले होते. (रेन्वारचे चित्र होते त्यांच्या भावाच्या, जॉन हे व्हिटनी यांच्या संग्रहातले. एका घराण्याच्या भिंतींवर काय काय होते याची यावरून कल्पना यावी.) ११ नोव्हेंबर १९८७ रोजी जोनबाईंच्या मुलाने ते सदबीजमार्फत विकायला काढले. शेअर बाजार कोसळलेला ‘काळा सोमवार’ तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेला होता, त्यामुळे सगळ्यांना धास्ती होती. चित्र मात्र पाच कोटी ३९ लाख डॉलरना गेले. बाजार सावरला, कलेला मंदी नाही, असा निष्कर्ष सगळीकडे निघाला.

खरेदीदार होते ऑस्ट्रेलियाचे उद्योगपती अॅलन बाँड. त्यांना खरेदीसाठी निम्मी रक्कम, दोन कोटी ७० लाख डॉलर, खुद्द सदबीजने कर्जाऊ दिली होती आणि तारण होते तेच चित्र. विकणाऱ्याचा प्रतिनिधी, विकण्याची जागा आणि खरेदीदाराचा सावकार, तिन्ही एकच! ही गोष्ट बाहेर आली १९८९ मध्ये. बाँड यांना पैसे फेडता आले नाहीत. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या गेटी संग्रहालयाने ते चित्र घेतले, पण किती रकमेला ते जाहीर झाले नाही. लिलावातल्या वस्तूच्याच तारणावर तिच्या खरेदीसाठी आधीच कर्ज देणे सदबीजने त्यानंतर बंद केले. पण त्या पाच कोटी ३९ लाखांच्या आधारावर दरम्यानच्या काळात किती चित्रांचे अंदाज ठरले असतील? कर्जाने फुगलेला एक भाव दुसऱ्या चित्राच्या अंदाजात उतरतो, तो अंदाज तिसऱ्याच्या, आणि कुणीही खोटे बोललेले नसते.

गेटीने दिलेला भाव गुप्त राहिला, यातच कला-बाजाराच्या आकडेवारीतला सर्वांत मोठा दोष आहे. इथे तेजी जाहीर असते आणि मंदी खासगी. चित्र विक्रमी भावाला जाते तेव्हा भर सभेत हातोडा पडतो. तेच चित्र तोट्यात विकायची पाळी येते तेव्हा मालक लिलावात जात नाही, बंद दाराआड सौदा करतो. साइतोंचे तसेच झाले. १९९१ मध्ये आपल्याबरोबर दोन्ही चित्रेही दहन करावीत, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध झाले आणि जगभर संताप उसळला. चित्रांवरचे प्रेम दाखवायचे होते, असा खुलासा मग करावा लागला. १९९३ मध्ये लाचप्रकरणी त्यांना अटक झाली, पुढे शिक्षा झाली ती स्थगित राहिली आणि १९९६ मध्ये ते वारले. दोन्ही चित्रे खासगी व्यवहारांत दुसऱ्यांकडे गेली. त्या व्यवहारांचा कोणताही निकाल छापला गेला नाही.

गाशेच्या बाबतीत हे विशेष दुखते, कारण हे चित्र एके काळी लोकांचे होते. व्हिन्सेंटचा भाऊ थिओ याच्या विधवा पत्नीने, योहानाने, ते व्होलार या पॅरिसच्या व्यापाऱ्यामार्फत १८९७ मध्ये ३०० फ्रँकला विकले होते. हस्ते-परहस्ते १९११ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आले. १९३७ मध्ये नाझींनी ते ‘अवनत कला’ म्हणून जप्त केले. नाझी नेता गोरिंग याने परकीय चलनासाठी ते विकले. मग ते क्रामार्स्की या बँकर कुटुंबाकडे आणि त्यांच्याबरोबर युरोपातून पळून न्यूयॉर्कला पोहोचले. तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते उसने म्हणून टांगलेले असे. १९९० च्या हातोड्यानंतर ते सर्वसामान्यांच्या नजरेआड गेले. २०१९ मध्ये श्टेडेलने व्हॅन गॉगचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात गाशेची जुनी चौकट रिकामीच मांडावी लागली.

आता आजच्या निकालांकडे वळू. अलीकडच्या कागदावर लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या एकेका वस्तूच्या, पुढे एक बारीक खूण असते, ती हमीची. लिलावगृह किंवा एखादा त्रयस्थ धनिक विक्रेत्याला आधीच सांगतो, कुणी नाही घेतले तर अमुक रकमेला मी घेईन. मे २०१८ मध्ये सदबीजने मोदिग्लियानीचे १९१७ मधले पहुडलेल्या नग्न स्त्रीचे चित्र १५ कोटी ७२ लाख डॉलरना विकले. त्या घराच्या इतिहासातला तोवरचा सर्वोच्च भाव, म्हणून मथळे झाले. पण अंदाज होता १५ कोटींचा आणि हातोडा पडला १३ कोटी ९० लाखांवर. म्हणजे अंदाजाच्या खाली. चित्राला आधीच त्रयस्थाची हमी होती. विक्रेत्याने ते २००३ मध्ये दोन कोटी ६९ लाखांना घेतले होते, तेव्हा त्याचा फायदा प्रचंडच झाला. पण खोलीत दोन माणसे झुंजली का, या प्रश्नाचे उत्तर मथळ्यात नव्हते, हातोड्याच्या भावात होते.

हमी नसेल तर काय होते ते मे २०२५ मध्ये दिसले. जाकोमेत्तीने घडवलेले भावाचे, दिएगोचे, ब्राँझचे शीर्ष सदबीजमध्ये सात कोटींहून अधिक अंदाजाने आले. बोली सहा कोटी ४२ लाख ५० हजारांवर थांबली आणि ते विकले गेले नाही. विक्रेत्याने ठरवलेल्या गुप्त किमान किमतीपर्यंत लिलावकर्त्याला घराच्या वतीने बोली पुकारायची मुभा असते, त्यामुळे तो आकडा ऐकून कुणी तेवढे द्यायला तयार होते असे समजता येत नाही. विकल्या न गेलेल्या लॉटपुढे भाव छापत नाहीत. निकाल वाचताना या रिकाम्या जागा आधी मोजाव्यात.

शुल्काचा हिशेब मुंबईच्या लिलावांनाही लागू आहे. डिसेंबर २०१३ मध्ये ताजमहाल हॉटेलात ख्रिस्टीजचा भारतातला पहिला लिलाव झाला. जे. जे. मध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, तो भावही शुल्कासहच होता.

गाशेचा उच्चांक १४ वर्षे टिकला. ५ मे २००४ रोजी सदबीजमध्ये पिकासोचे ‘चिलीम घेतलेला मुलगा’ दहा कोटी ४१ लाख ६८ हजार डॉलरना गेले, तेही जॉन हे व्हिटनींच्याच संग्रहातले. हातोडा नऊ कोटी ३० लाखांवर होता. मथळ्यांत विक्रम मोडला, पण महागाईचा हिशेब धरला तर गाशेचे १९९० चे सव्वाआठ कोटी २००४ मधल्या सुमारे १२ कोटींएवढे होतात. खऱ्या अर्थाने विक्रम त्या दिवशी मोडलाच नव्हता.

साइतोंनी घेतलेल्या दोन्ही चित्रांच्या जोडीची चित्रे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. रेन्वारच्या नाचाचे मोठे चित्र काइबोत या चित्रकाराने आपल्या संग्रहाबरोबर फ्रान्सला ठेवून दिले. गाशेचे दुसरे व्यक्तिचित्र १९४९ मध्ये त्यांच्या मुलांनी देशाला दिले. या दोन्हींचा लिलाव कधी झाला नाही. पॅरिसला जाणाऱ्या वाचकांनी ती आवर्जून पाहावीत.

(पुढील लेखांक : हमी कोण देतो आणि का?)