डॉबसनफ्लाय : दिसतं तसं नसतं

साहित्य शिकताना आपण एक गोष्ट सारखी ऐकतो, की नाव आणि वस्तू यांच्यात अंतर असतं. मला हे अंतर कवितेपेक्षा एका किड्याने जास्त चांगलं समजावलं. त्याचं नाव डॉबसनफ्लाय. त्याच्या नावांमधून गेलं, की एक-एक नाव आपल्याला थोडं-थोडं फसवतं. म्हणून मंडळाच्या अंकात थोडं जीवशास्त्र!

पहिली फसवणूक 'फ्लाय' या शब्दाची. ही माशी नाही. माशी आणि डास ज्या गणात येतात त्याचं नाव डिप्टेरा, म्हणजे ग्रीकमध्ये 'दोन पंखांचे'. डॉबसनफ्लायला पंख चार. इंग्रजीत कीटकशास्त्रज्ञ यासाठी एक सोपी युक्ती वापरतात. खरी माशी असेल तर 'हाउस फ्लाय' असे दोन शब्द तोडून लिहायचे, नसेल तर 'ड्रॅगनफ्लाय', 'डॉबसनफ्लाय' असं जोडून. म्हणजे सगळं शास्त्र एका मोकळ्या जागेत! आपल्या मराठीत ड्रॅगनफ्लायला सरळ 'चतुर' म्हणतात, त्यामुळे तिथे तरी हा घोळ होत नाही.

मग हा किडा आहे तरी कोण? त्याचा गण मेगॅलॉप्टेरा, म्हणजे 'मोठ्या पंखांचे'. या गणात दोनच कुलं आहेत. एक सायालिडी, यात लहानखुरे आल्डरफ्लाय येतात. दुसरं कॉरिडॅलिडी. त्याचे पुन्हा दोन भाग : एकात फिशफ्लाय, दुसऱ्यात आपला डॉबसनफ्लाय. कोरड्या मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट बघणारी अळी तुम्ही लहानपणी काडीने डिवचली असेल. ती न्यूरोप्टेरा गणातली, म्हणजे याची जवळची नातेवाईक. दोन्ही गणांच्या पंखांवर शिरांची दाट जाळी असते. पण मेगॅलॉप्टेरात मागचा पंख बुडाशी रुंद असतो आणि बसल्यावर तो भाग पंख्यासारखा घडी होऊन मिटतो. वर्गीकरण अनेकदा अशा बारीक घडीवर उभं असतं.

दुसरी फसवणूक शिंगांची. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत परिचित जातीला लिनीयसने १७५८ मध्ये नाव दिलं : हेमेरोबियस कॉर्न्युटस. आज ती कॉरिडॅलस प्रजातीत गेली आहे, पण 'कॉर्न्युटस', म्हणजे 'शिंगवाला', हे विशेषण टिकलं. ती शिंगं नाहीत, नराचे जबडे आहेत. वाकड्या विळ्यांसारखे, कधी कधी ४ सेंटिमीटरपर्यंत लांब. बघूनच माणूस दोन पावलं मागे सरतो. पण इतक्या लांब जबड्यांना जोर लावता येत नाही, त्यामुळे नर धड चावूही शकत नाही. बडा घर, पोकळ वासा! हे जबडे दुसऱ्या नराशी झुंजायला आणि मादीपुढे प्रणयाराधन करायला. मादीचे जबडे आखूड, साधेसुधे, कुणाच्या लक्षात न येणारे. रक्त काढतात ते हे.

तिसरी फसवणूक मला सगळ्यांत मोठी वाटते. लिनीयसने ज्या 'हेमेरोबियस'मध्ये याला घातलं, त्या शब्दाचा अर्थ 'दिवसभर जगणारा'. पंख असलेला प्रौढ खरंच थोडे दिवस जगतो. नर साधारण तीन दिवस, मादी आठ-दहा. पण त्याआधीचं काय? या जातीची अळी वाहत्या ओढ्यात दगडांखाली दोन-तीन वर्षं काढते. तिला पाहिलं तर गोम आठवेल. पोटाच्या दोन्ही बाजूंना मांसल तंतूंच्या आठ जोड्या, त्यांच्या बुडाशी कल्ल्यांचे झुपके, आणि शेवटी प्रवाहात दगडाला घट्ट धरून राहायला आकड्यांची जोडी. पाण्यातल्या इतर किड्यांच्या अळ्या हे तिचं जेवण. दहा-बारा वेळा कात टाकून ती मोठी होते, मग काठावर चढते आणि ओलसर मातीत, दगडाखाली कोषात जाते. बाहेर येतो तो पंखवाला. म्हणजे आयुष्य पाण्यातलं वर्षांचं, आणि नाव हवेतल्या दिवसांचं!

जे लोक नदीकाठी राहिले त्यांनी मात्र अळीलाच नाव दिलं. अमेरिकेतले गळाने मासे पकडणारे तिला 'हेलग्रामाइट' म्हणतात, कारण आमिष म्हणून ती उत्तम. जपानमध्ये प्रोटोहर्मिस ग्रँडिस या जातीची अळी 'मागोतारो-मुशी'. ती वाळवून लहान मुलांच्या किरकिरीवर घरगुती औषध म्हणून विकली जायची. प्रोटोहर्मिसच्या काही जाती आपल्या ईशान्य भारतातही आहेत.

हे सगळं फक्त शब्दांचं कौतुक म्हणून सांगत नाही. आपण ज्याला नाव देतो, तेच आपण बघतो आणि तेच जपतो. डॉबसनफ्लाय म्हटलं की डोळ्यांसमोर पंख आणि जबडे येतात, दगडाखालची जागा येत नाही. अळीला स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं, खळाळतं पाणी लागतं. म्हणून ओढ्याचं आरोग्य तपासणारे तिचा शोध घेतात. ओढ्यात माती वाहून आली, दगडांमधल्या फटी गाळाने बुजल्या, की तिचं घर गेलं. तेव्हा हवेत काहीच घडलेलं नसतं. दोन-तीन वर्षांनी दिव्याभोवती कुणी दिसत नाही, एवढंच.

आणि दिव्याशी आलेला दिसलाच, तर चप्पल उचलण्याआधी जबडे बघा. लांब असतील तर तो बिचारा काही करणार नाही. आखूड असतील तर हात लावू नका, पण मारूही नका. ती मादी असेल. तिला पाण्यावर झुकलेलं एखादं पान किंवा खडक गाठायचा आहे, तिथे हजारभर अंडी घालून त्यांवर पांढरट लेप द्यायचा आहे. लांबून तो पुंजका पक्ष्याची विष्ठाच वाटतो. आता ही शेवटची फसवणूक मात्र तिच्या बाळांसाठी. अंडी फुटली की ती सरळ खाली पाण्यात पडतात. त्यासाठी खाली पाणी असायला हवं, एवढंच.